‘हॅलो’चा चौथा अर्थ

‘हॅलो’ हा शब्द सोमवारी सकाळी साडेदहाला मुंगीकाकांच्या टेबलावर परत आला. कोशाच्या कचेरीत परत आलेला शब्द म्हणजे नापास होऊन घरी आलेलं पोर. सगळे त्याच्याकडे चोरून बघतात, विचारत कुणी नाही. कागदाच्या कडेला संपादकबाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं : ‘व्युत्पत्ती कुठे? एकाही अर्थाला ऐकलेलं उदाहरण नाही. बुधवारी दुपारी चारला या पानांचा फर्मा छापखान्यात जाणार.’

मुंगीकाकांनी चष्मा पुसला आणि तोच मजकूर पुन्हा वाचला. चष्मा पुसल्यानं काही फरक पडला नव्हता.

मराठी कोशाच्या या कचेरीत त्यांची अडतीस वर्षं गेली होती. अक्षर मुंगीएवढं, चाल मुंगीची आणि आवाज तर मुंगीला असलाच तर तेवढाच, म्हणून पहिल्या संपादकांनी त्यांना हे नाव ठेवलं. पगाराच्या दिवशी सही करतानाच काय ते त्यांना स्वतःचं खरं नाव आठवायचं. कुठल्याही गोष्टीबद्दल खात्रीनं बोलणं त्यांना जमत नसे. पंखा चालू करू का, असं कुणी विचारलं तरी ते आधी पंख्याकडे बघायचे, मग खिडकीकडे, आणि म्हणायचे, “दोन्ही शक्य आहे.”

व्युत्पत्तीची चिठ्ठी कुठे असायला हवी, हे मात्र त्यांना नक्की ठाऊक होतं. ते भिंतीकडच्या कपाटापाशी गेले, ‘ह’चा खण ओढला आणि बोटांनी चिठ्ठ्या मागे सारत नेमक्या जागी थांबले. तिथे चिठ्ठी नव्हती. तिच्या जागी हिरवी चिठ्ठी होती. कचेरीचा नियमच होता, कपाटातलं काही न्यायचं तर त्या जागी हिरव्या कागदावर लिहून ठेवायचं. त्या हिरव्या कागदावर ढब्बू अक्षरांत लिहिलं होतं : ‘नेली. परत देईन. – न.’ खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

‘न.’ म्हणजे नगारा.

नगारा सत्तावीस वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर बसत असे. तो कुजबुजला तरी खालच्या मजल्यावरचा शिंपी मान वर करायचा. नगाऱ्यापुढे टिमकी कोण ऐकणार, असं लोक म्हणायचे. पण या टिमकीला कुणी ऐकावं अशी हौसच नव्हती, म्हणून दोघांचं झकास जमलं होतं. एक बोलायचा, दुसरा लिहायचा. एकाच डब्यातलं जेवायचे, एकाच बसनं घरी जायचे. कचेरीत त्यांना ‘जोडशब्द’ म्हणत.

मग ‘हॅलो’ आला. नगारा एके दिवशी कुठल्याशा जाडजूड परदेशी ग्रंथातून एक चिठ्ठी टिपून नाचतच आला होता. “मुंग्या, हे बघ! लोक समजतात, हा शब्द टेलिफोननं जन्माला घातला. साफ चूक! टेलिफोननं त्याला फक्त नोकरी दिली. मूळ शब्द म्हणजे हाक आहे, हाक! नदीच्या अलीकडे माणूस उभा, होडी पलीकडे. तो हात तोंडाशी नेऊन ओरडतो, ‘ये रे, मला ने!’ त्या हाकेतून आलाय हा. आपण रोज फोन उचलून काय म्हणतो? नावाड्या, मला पलीकडे ने!”

मुंगीकाकांना ते इतकं आवडलं होतं की त्या दिवशी त्यांनी बसचा थांबा चुकवला. पण बैठकीत तेव्हाचे संपादक म्हणाले, “काव्य पुरे. टेलिफोन लिहा.” नगारा तासभर भांडला. शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणाला, “मला नका विचारू, ह्याला विचारा! हा खोटं बोलणार नाही!” सगळ्या माना मुंगीकाकांकडे वळल्या. त्यांनी चहाच्या कपात बघितलं. कपात काही नव्हतं. ते म्हणाले, “दोन्ही शक्य आहे.”

नगारा काही बोलला नाही. त्याच्या आयुष्यातली ती पहिली शांतता असावी. तो उठला, कपाटातून चिठ्ठी काढली, हिरवी चिठ्ठी ठेवली आणि गेला तो परत आलाच नाही. त्या बैठकीत व्युत्पत्तीची जागा कोरीच राहिली. कोशाचं काम गोगलगायीच्या गतीनं चालतं. ‘ह’ची पाळी यायला पुढे अकरा वर्षं लागली.

“अहो काका, मग फोन करा ना त्यांना,” चिठ्ठी कुणाकडे आहे ते ऐकून संपादकबाई म्हणाल्या. बाई नव्या होत्या, तरुण होत्या आणि त्यांना सगळ्या गोष्टी सोप्या वाटत. “दोन मिनिटांचं काम.”

“करतो,” मुंगीकाका म्हणाले.

कचेरीत फोन एकच, तो टायपिस्टबाईच्या टेबलावर. ती चहाला बाहेर गेल्यावर मुंगीकाका तिच्या खुर्चीच्या टोकावर बसले. नंबर शोधावा लागला नाही. बोटांना तो पाठ होता. पलीकडे घंटा वाजली, एकदा, दोनदा, आणि मग कानाचा पडदा फाटेल असा आवाज आला :

“हॅलो!”

मुंगीकाकांनी तोंड उघडलं. ‘मी’ म्हणायचं, की नाव सांगायचं, की आधी माफी मागायची? माफी मागितली तर कशाची ते सांगावं लागेल. तोंडातून ब्र निघेना. त्यांनी फोन ठेवून दिला.

पण अडतीस वर्षांची सवय वाईट. कोशाच्या संस्थापकांनी घालून दिलेला नियम असा, की उदाहरण मनानं रचायचं नाही. कुणीतरी खरोखर बोललेलं हवं, आणि ऐकल्याबरोबर ते टिपायचं. शब्द, वार, वेळ, वक्ता, स्वर. एकदा दाढ काढताना डॉक्टरांच्या तोंडून गेलेला शब्द मुंगीकाकांनी गालात कापूस असतानाच टिपला होता. आताही फोन ठेवता ठेवता दुसऱ्या हातानं पेन्सिल काढली होती : ‘हॅलो. सोमवार, अकरा वाजून दहा. वक्ता न. स्वर खणखणीत. अर्थ पहिला : फोन उचलल्याची खूण.’

त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं. एका अर्थाचं उदाहरण तर मिळालं! नोंदीत चार अर्थ होते. पहिला हा. दुसरा, माणूस भेटल्यावर करायचं अभिवादन. तिसरा, पलीकडे कुणी आहे का, असं विचारण्यासाठी. चौथा, लक्ष नसलेल्या माणसाला भानावर आणण्यासाठी. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं त्यांना वाटलं, हे काम आहे. कामासाठी फोन करायला काय हरकत आहे?

दुसऱ्या फोनला ते थोडे जास्त थांबले. “हॅलो? हॅलो? कोण आहे?” तिसरा अर्थ मिळाला.

तिसऱ्या फोनला मात्र कोशाचं काहीच काम नव्हतं.

त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा थोरली ताई दारातच उभी होती. ताई विधवा, हे बिनलग्नाचे. दोघं एकमेकांना सांभाळून असत, म्हणजे ती बोलायची आणि हे सांभाळायचे.

“काल रविवारी दहाला तुझ्या त्या मुक्याचा फोन आला होता का रे?”

“आला होता.”

“काय म्हणाला?”

“मुका काय म्हणणार, ताई?”

“माझ्याशीच वैर मेल्याचं! मी उचलला की लगेच ठेवतो. तू उचललास की चांगला मिनिटभर ऐकत बसतो. तक्रार कर म्हटलं तर तू म्हणणार, एक्स्चेंजमधला बिघाड. हा कसला बिघाड, जो घड्याळ बघून होतो?”

मुंगीकाकांनी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. दर रविवारी कुणीतरी त्यांना फोन करतं, ही गोष्ट त्यांना फारशी वाईट वाटत नसे. दुसरं कुणी करत नव्हतंच.

मंगळवारी त्यांनी चार फोन केले. चौथ्याला नगारा म्हणाला, “अरे, कोण आहेस ते तरी सांग रे बाबा,” आणि ते इतक्या हळू म्हणाला की मुंगीकाकांना फोन ठेवावासाच वाटेना. तरी ठेवला. बारा वाजले होते.

साडेबाराला संपादकबाईंनी टायपिस्टबाईला आणि त्यांना आत बोलावलं. बाईंचे कान लाल झाले होते.

“आत्ता एका घरातून सूनबाईंचा फोन होता. त्यांच्या नव्या फोनवर नंबर उमटतो. आपल्या कचेरीतून त्यांच्या सासऱ्यांना दोन दिवसांत सात फोन गेलेत. बोलायचं नाही, नुसता श्वास! म्हातारा माणूस जेवता जेवता उठून फोनपाशी बसलाय म्हणे. हा काय प्रकार आहे?” त्या टायपिस्टबाईकडे वळल्या. “फोन तुमच्या टेबलावर असतो.”

“बाई, मी कशाला कुणाच्या सासऱ्याला फोन करू? मला स्वतःचा काय कमी आहे?”

“पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करायचंय, विसरू नका. मुंगीकाका, तुम्ही समोर बसता. खरं सांगा. हे फोन ह्यांनी केले असतील, की आपल्यामागे बाहेरचं कुणी येऊन करतं?”

दोन्ही माना त्यांच्याकडे वळल्या. मुंगीकाकांनी टेबलावर बघितलं. तिथे बाईंचा चहाचा कप होता.

“दोन्ही,” ते म्हणाले, “शक्य आहे.”

शब्द तोंडातून सुटले आणि त्यांना अकरा वर्षांपूर्वीची खोली दिसली. तोच कप. तीच शांतता.

टायपिस्टबाई त्यांच्यामागून बाहेर आली. रडेल अशी त्यांना भीती होती. पण ती टायपिंगचा ट्रे घेऊन त्यांच्या टेबलापाशी उभी राहिली. सवयीनं त्यांनी सातही चिठ्ठ्या त्या ट्रेमध्ये टाकल्या होत्या.

“काका, हे टाइप करायचंय ना? नीट समजत नाहीये, वाचून दाखवते हं. ‘हॅलो. मंगळवार, अकरा वाजून चाळीस. वक्ता न. स्वर चढा, पण शेवटी थकलेला. पूर्वी असा थकत नसे.’” तिनं मान वर केली. “हे शेवटचं वाक्य कोशात कुठे घालू?”

मुंगीकाकांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

“पुढची ऐका. ‘मंगळवार, बारा. मला रे बाबा म्हणाला.’ याला तर अर्थाचा आकडाच नाही.” ती जरा वाकली. “मी काही सांगणार नाही, काका. चाडी करायला मला आवडत नाही. पण नोकरी माझी जाणार आहे, आणि श्वास तुमचा आहे.”

मुंगीकाका उठले. केबिनपर्यंत सोळा पावलं होती. दहाव्या पावलाला ते परत फिरणार होते, पण मागे टायपिस्टबाई हाताची घडी घालून उभी होती.

“बाई, फोन मी केले. सातही.”

संपादकबाईंच्या हातातलं पेन थांबलं. “तुम्ही? कशासाठी?”

“पहिले दोन कोशासाठी.”

“आणि पुढचे पाच?”

“आवाजासाठी,” मुंगीकाका म्हणाले.

बाईंनी ड्रॉवर उघडला, उगीचच काहीतरी शोधलं आणि पुन्हा बंद केला. “उठा. आत्ता जा त्यांच्याकडे. फोन नको. आणि काका, चिठ्ठी मिळाली नाही तर मी काय छापू? टेलिफोन की नावाडी?”

“नावाडी.”

“नक्की?”

“नक्की,” मुंगीकाका म्हणाले. हा शब्द ‘न’च्या खणात त्यांनीच लावला होता, तोंडी वापरण्याची ही पहिलीच खेप.

नगाऱ्याचं घर बसनं सात थांबे. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांनी तीन भाषणं तयार केली आणि तिन्ही दुसऱ्या मजल्यावर विसरली. घंटा वाजवली. साखळी न काढता सूनबाईंनी दार बोटभर उघडलं.

“कोण पाहिजे?”

“ते... आहेत का?”

“आपण कोण?”

हा प्रश्न सोपा नव्हता. मित्र म्हणावं तर अकरा वर्षं तोंड दाखवलेलं नाही. “मी कोशाच्या कचेरीतून आलोय.”

सूनबाईंच्या भुवया चढल्या. “म्हणजे ते फोन...”

“माझे.”

“सगळे?”

“सगळे. त्याबद्दल मी...”

आणि तेवढ्यात आतून आवाज आला, तोच आवाज, “सूनबाई, कोण आहे गं?”

सूनबाईंनी उत्तर दिलं की दार लागेल, असं मुंगीकाकांना वाटलं. बोटभर फट होती. पलीकडे तो होता, अलीकडे हे. मग काय झालं ते त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले, छातीत होती नव्हती तेवढी हवा गोळा केली, आणि ज्या माणसानं बसमध्ये थांबा आला तरी कधी हाक मारली नव्हती, पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत येणं पत्करलं होतं, तो माणूस ओरडला :

“हॅलोऽऽऽ!”

वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. समोरचं दार उघडलं. सूनबाईंचा हात साखळीवरच राहिला.

मग आतून विचारणा झाली, “अर्थ कितवा?”

“दुसरा!” मुंगीकाका ओरडले. आणि आवाज लागलाच होता म्हणून पुढचंही ओरडून घेतलं, “आणि नावाडीच! तेव्हाही मला नावाडीच वाटत होता!”

काठी टेकत नगारा दारात आला. पूर्वीच्या मानानं निम्मा झाला होता. आवाज तेवढा जुन्या मापाचा उरला होता. त्यानं साखळी काढली. “मुंग्या, हे अकरा वर्षांपूर्वी बैठकीत म्हणायचं असतं रे. इथे आता सगळा जिना ऐकतोय.”

“ऐकू दे.”

“बापरे,” नगारा सुनेला म्हणाला, “चहा टाक. ह्याला ताप आलाय.”

आत बसल्यावर मुंगीकाका म्हणाले, “ती चिठ्ठी हवी होती. उद्या चारपर्यंत.”

“म्हणजे कामासाठी आलास.”

“दोन...” मुंगीकाका मध्येच थांबले. “नाही. काम निमित्त आहे.”

नगाऱ्यानं कपाटावरचा बुटांचा खोका काढायला सांगितला. झाकण उघडल्यावर सगळ्यात वर ती नावाड्याची चिठ्ठी होती, कडा पिवळ्या पडलेली. तिच्याखाली चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते, वर्षवार सुतळीनं बांधलेले. मुंगीकाकांनी सहज एक उचलली. कचेरीचीच पद्धत : ‘हॅलो. रविवार, सकाळी दहा. वक्ता मुं. स्वर शंकित.’ त्याखालची : ‘हॅलो. रविवार, सकाळी दहा. वक्ता मुं. स्वर शंकित.’ पुढची तीच. गठ्ठाभर तीच.

मुंगीकाकांना आधी वाटलं, हे आपलंच अक्षर इतकं मोठं कधी झालं?

“तो तू?” ते म्हणाले.

“मग काय एक्स्चेंज?”

“ताई तुला मुका म्हणते.”

“मला! मुका!” नगारा इतका हसला की त्याला ठसका लागला. मुंगीकाका चिठ्ठ्या चाळत राहिले. एका गठ्ठ्यात मध्येच वेगळी होती : ‘वक्ता मुं.ची ताई. मुं. नाही. का?’ पुढच्या रविवारची : ‘आजही नाही.’ त्याच्या पुढची : ‘मुं. आहे. खोकला. बरं झालं.’ चार वर्षांपूर्वी ते इस्पितळात होते, दोन आठवडे. आपली विचारपूस ताईशिवाय कुणी केली नाही, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

“बोलला का नाहीस?” त्यांनी विचारलं.

“तू ‘हॅलो’ अशा काही स्वरात म्हणायचास, की वाटायचं, नाव सांगितलं की हा फोन ठेवणार. म्हटलं, स्वर जरा बदलला की बोलू. तू काही बदलला नाहीस, गाढवा. साडेपाचशे रविवार शंकितच!”

“मी रविवारी साडेनवाला आंघोळ उरकून बसायचो,” मुंगीकाका म्हणाले.

“कशासाठी?”

“राँग नंबरसाठी.”

नगाऱ्यानं खिडकीबाहेर बघितलं. सूनबाईंनी चहा आणून ठेवला. या वेळी मुंगीकाकांनी कपात बघितलं नाही.

बुधवारी चारला फर्मा छापखान्यात गेला. टायपिस्टबाईचा कायम होण्याचा कागद त्याच दिवशी बाईंनी सही करून ठेवला. नोंदीत नावाडी होता, खाली ‘न.’ होता, पहिल्या तीन अर्थांना उदाहरणं होती. दुसऱ्यापुढे ‘वक्ता मुं., जिन्यात’ असं आलं होतं. चौथ्या अर्थाला, लक्ष नसलेल्याला भानावर आणण्याच्या अर्थाला, काही मिळालं नाही. “पुरवणीत घेऊ,” बाई म्हणाल्या.

रविवारी दहाला फोन वाजला. मुंगीकाका शेजारीच बसले होते. त्यांनी उचलला. पण आज पहिलं ‘हॅलो’ त्याचं ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. गुडघ्यावर कोरी चिठ्ठी होती, हातात पेन्सिल. पलीकडूनही काही आवाज येईना. नुसता श्वास, आणि कागद सारखा केल्याची बारीक खसखस.

एक मिनिट गेलं. दोन गेली. स्वयंपाकघरातून ताई आली, हातात झारा. मुका कोण, ते तिला आता ठाऊक होतं. भावाच्या कानाला फोन, तोंडावर हसू, आणि तोंडातून शब्द नाही, हे तिनं पाहिलं, आणि झटकन फोन ओढून घेतला.

“हॅलो! अहो हॅलो! अकरा वर्षं झाली, आता तरी दोघांतल्या एकानं तोंड उघडा! इथे माझी कढई जळतेय!”

फोन भावाच्या हातात कोंबून ती आत गेली. दोन्ही टोकांना दोन पेन्सिली भराभर चालल्या.

“लिहिलंस?” नगाऱ्यानं विचारलं.

“लिहिलं. अर्थ चौथा.”

“स्वर काय टाकलास?”

“वैतागलेला. तू?”

“मी प्रेमळ टाकलंय.”

मुंगीकाकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत ताई कढई घासत होती आणि गुणगुणत होती.

“दोन्ही शक्य आहे,” ते म्हणाले, आणि पलीकडे नगारा इतक्या मोठ्यानं हसला, की त्यांना फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला. पण त्यांनी तो ठेवला नाही.